पडण्याआधीचे क्षण

कोक ओव्हनच्या माथ्यावर अर्धं आयुष्य काढलेले आणि आता भिलाईच्या नेहरू नगरात राहणारे एक निवृत्त काका ठामपणे सांगतात, की भट्टीवर काम करताना ते एकदाही पडले नाहीत. पडले ते पाळी संपल्यावर, गेटापाशी रांगेत नुसते उभे असताना. वय तेव्हा बावीस-तेवीस. गोंदियाकडून भिलाईत येऊन जेमतेम पंधरवडा झालेला. महिना मे.

"वर असताना काहीच नाही झालं," काका सांगतात. "खाली उतरलो, लायनीत उभा राहिलो अन् जांभया यायला लागल्या. एकामागून एक. वाटलं, झोप पुरी नाही झाली. मग तोंडाले पाणी सुटलं, पोटात ढवळून राहिलं होतं. समोरच्याचा शर्ट निळा होता, तो बघता बघता राखाडी झाला. बाजूचा मले काहीतरी विचारून राहिला होता. ओठ हलताना दिसत होते, आवाज मात्र खूप दुरून. मग कानात सूं... त्याच्या पुढचं मले नाही माहीत. डोळे उघडले तं चार-पाच तोंडं वाकून बघत होती. पहिला विचार काय आला असेल? यायले काय झालं, हे असे का बघून राहिले!"

सगळा प्रसंग मिनिटाच्या आतला. पण पन्नासेक वर्षांनंतरही काकांना तो क्रमाने आठवतो. आधी जांभई, मग लाळ, मग रंग गेला, मग आवाज गेला. हा क्रम फार मोलाचा आहे. आपल्याकडे चक्कर, भोवळ, घेरी, अंधारी असे शब्द सहज वापरले जातात, माणूस सावरला की साखर-पाणी दिलं जातं, "अशक्तपणा असेल" म्हणून विषय मिटवला जातो. पडण्याआधी नेमकं काय वाटलं, हे मात्र कुणी विचारत नाही. डॉक्टरला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच असतो. बेशुद्धीच्या तक्रारीत पुष्कळदा यंत्रांपेक्षा माणसाची हकिगतच निदानाकडे नेते. म्हणून ही हकिगत सांगायला आणि ऐकायला शिकलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी नेहरू नगरासारखी जागा दुसरी नाही. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. त्या कारखान्यात देशभरातून माणसं आली. नागपूर, भंडारा, गोंदिया तर हाकेच्या अंतरावर. शिवाय नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात रुजलेली मराठी घरं होतीच. नोकरीत असेपर्यंत सेक्टरमधलं क्वार्टर, निवृत्तीनंतर ते सोडून नेहरू नगर, स्मृती नगर, रिसाली अशा वस्त्यांत स्वतःचं घर, हा इथल्या कित्येक कुटुंबांचा प्रवास. त्यामुळे एकाच गल्लीत भट्टीचा ताप सोसलेले आजोबा, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आजी, कोचिंग क्लासला सकाळी उपाशी धावणारी नात आणि मे महिन्यात गॅससमोर उभी राहणारी सून भेटते. प्रत्येकाची चक्कर वेगळी.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त छातीकडून पोटाच्या खालच्या भागात आणि पायांत उतरतं. नसा आकुंचन पावतात, हृदय थोडं वेगाने चालतं, पोटऱ्यांचे स्नायू हलताना रक्त वर ढकलतात आणि आपल्याला काही कळतही नाही. मेंदूचं वजन शरीराच्या फार तर दोन टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे १५ टक्के वाटा त्याला लागतो आणि साठा करण्याची सोय त्याच्याकडे नाही. अमेरिकेत १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण पुरुषांच्या मानेभोवती पट्टा फुगवून मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर थांबवला गेला. सरासरी सात सेकंदांच्या आत त्यांची शुद्ध गेली. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, देऊही नये. पण 'काही सेकंदांत गेलो' असं माणसं म्हणतात त्यात अतिशयोक्ती नाही, एवढं त्यातून कळलं.

साध्या मूर्च्छेत मात्र रक्तपुरवठा असा एकदम तुटत नाही. ऊन, वेदना, भीती, रक्त दिसणं, खूप वेळ ताटकळत उभं राहणं, यांपैकी काही घडतं आणि मेंदूतून उलटा हुकूम सुटतो. ज्या वेळी नसा आवळायच्या त्याच वेळी त्या सैल पडतात आणि व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाची गती उतरवतो. ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९३२ साली या दुहेरी घसरणीला 'व्हॅसोव्हेगल' हे नाव दिलं. ही घसरण हळू होत असल्यामुळे तिची चाहूल लागते. जांभई, मळमळ, घाम, अंगातून आलेली ऊब, चेहऱ्यावरचा रंग उडणं ही ती चाहूल.

आधी दिसणं जातं आणि ऐकणं नंतर, यालाही कारण आहे. डोळ्याच्या गोळ्यात स्वतःचा दाब असतो. रक्तदाब उतरू लागला की त्या दाबाविरुद्ध डोळ्याच्या पडद्यापर्यंत रक्त पोहोचवणं आधी अवघड होतं, मेंदूचा कारभार मात्र आणखी काही क्षण चालू राहतो. म्हणून रंग फिके होतात, कडेचं दिसेनासं होतं, मधोमध एक लहान गोल उरतो आणि तोही विझतो. पूर्ण अंधार झाला तरी माणूस अजून उभा असतो, ऐकत असतो, 'मला दिसत नाहीये' असं सांगूही शकतो. लढाऊ विमानांच्या वैमानिकांना जोरदार वळण घेताना हाच अनुभव येतो आणि तो त्यांना प्रशिक्षणातच शिकवला जातो. काकांच्या निळ्या शर्टाचं राखाडी होणं आणि वैमानिकाच्या डोळ्यांपुढचं जग राखाडी होणं यात शरीराच्या दृष्टीने काही फरक नाही.

आपल्याकडे हे निरीक्षण किती जुनं आहे हे चरकसंहिता वाचताना कळतं. सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात मूर्च्छेचे प्रकार सांगताना चरक आधी विचारतो ते आकाश कसं दिसलं हे. वातामुळे आलेल्या मूर्च्छेत रोग्याला आकाश निळं, काळं किंवा तांबूस दिसतं, मग तो अंधारात शिरतो आणि लवकर शुद्धीवर येतो. पित्ताच्या मूर्च्छेत तांबडं, हिरवं किंवा पिवळं दिसतं आणि जाग येताना अंगाला घाम असतो. कफाच्या मूर्च्छेत आकाश ढगांनी भरून आल्यासारखं वाटतं आणि शुद्ध यायला वेळ लागतो. त्रिदोषांची उपपत्ती आज कुणी मानो वा न मानो, या वैद्याची विचारण्याची रीत मला फार मोठी वाटते. काय दिसलं, घाम आला का, किती वेळाने उठलात? आजचा हृदयरोगतज्ज्ञ हेच तीन प्रश्न विचारतो. सुश्रुताने तर उत्तरतंत्रात मूर्च्छेच्या सहा प्रकारांत रक्तामुळे येणारी मूर्च्छा वेगळी नोंदवली आहे.

रक्त पाहून पडणारी माणसं सगळ्यांच्या ओळखीत असतात आणि त्यांची चेष्टा होते. नेहरू नगरातच एका बँकेत नोकरी करणारे धिप्पाड गृहस्थ भेटले. कुत्र्याच्या अंगावर धावून जातील, पण सुई दिसली की संपलं. ते म्हणाले, "भीती वाटतच नाही हो. मनात काही नसतं. पाय आपोआप मऊ होतात." त्यांचं म्हणणं खरं आहे. इतर कुठल्याही भीतीत छाती धडधडते आणि रक्तदाब चढतो; रक्त पाहून घाबरणाऱ्याचा तो आधी चढतो आणि मग एकाएकी कोसळतो. हा शरीराचा ठेवणीतला स्वभाव आहे, बऱ्याचदा घराण्यातच असतो. मनोधैर्याशी त्याचा संबंध नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात अशा लोकांसाठी एक उपाय बसवला: सुई टोचण्याआधी हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, मग थोडे सैल सोडायचे, पुन्हा आवळायचे. भित्र्या माणसाला आपण 'अंग सैल सोड' सांगतो. या माणसाला तो सल्ला घातक ठरतो. रक्तदान शिबिरात पहिल्यांदा येणाऱ्या तरुणांनी आधी अर्धा लिटर पाणी प्यायलं तरी चक्कर येण्याचं प्रमाण कमी होतं, हेही अभ्यासांत दिसून आलं आहे. गणेशोत्सवात शिबिरं भरवणाऱ्या आपल्या मंडळांनी बिस्किटाच्या पुड्याआधी पाण्याची बाटली हातात द्यावी.

आता एका मुलीची गोष्ट. ती आज नोकरी करते. घटना घडली तेव्हा पंधरा वर्षांची होती. पंधरा ऑगस्टच्या कवायतीसाठी मैदानात तासभर उभी, सकाळचा डबा न उघडलेला, हवेत दमट उकाडा. तिला आठवतं ते असं: "गरम व्हायला लागलं, पण बाहेरून नाही, आतून. पाठीवर घामाची धार. हात थंड. मी मनात म्हणत होते, भाषण संपू दे, भाषण संपू दे. मग मॅडमचा चेहरा काळा झाला. नुसता चेहरा. बाजूचं झाड दिसत होतं. मग झाडही गेलं. कुणीतरी माझं नाव घेतलं ते ऐकू आलं, ओ द्यायची होती, पण तोंड कुठे आहे ते सापडेना."

पडल्यावर तिचे हात दोन-तीनदा झटकले आणि डोळे उघडे, वर गेलेले. झालं. "फीट आली, फीट आली" असा गलका झाला. कुणी चप्पल हुंगवली, कुणी दातांत चमचा घालायला धावलं, दोघांनी काखेत हात घालून तिला बसतं केलं आणि ती पुन्हा झटके देऊ लागली. घरी बातमी पोहोचेपर्यंत निदान पक्कं झालेलं होतं. आई सांगते, "मला मुलीची काळजी कमी आणि उद्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील याची जास्त, असं दोन दिवस झालं. आज लाज वाटते." ती लाज एकट्या आईने का वाटून घ्यावी, हे मला कळत नाही. मुलीच्या आजाराचा हिशोब लग्नाच्या बाजारात मांडणारे आपण सगळे त्यात आहोत.

डॉक्टरांनी शांतपणे मुलीला बोलू दिलं आणि शेवटी इतकंच विचारलं: जीभ चावली गेली का? उठल्यावर किती वेळ गोंधळल्यासारखं होतं? जीभ ठीक होती आणि उठल्याबरोबर तिने "माझा बिल्ला कुठे पडला?" असं विचारलं होतं. ती साधी मूर्च्छा होती. बर्लिनमध्ये थॉमस लेम्पर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला अशा वेळी सगळ्यांना सांगावासा वाटतो. निरोगी स्वयंसेवकांना जोरजोरात श्वास घ्यायला लावून, एकदम उभं करून, श्वास कोंडून ताण द्यायला सांगून त्यांनी मुद्दाम मूर्च्छा आणली आणि सगळं चित्रित केलं. ४२ जण पूर्ण बेशुद्ध झाले, सरासरी १२ सेकंद. त्यांतल्या ९० टक्क्यांच्या अंगाला झटके आले. बहुतेकांचे डोळे उघडे होते. म्हणजे झटके येणं हा मूर्च्छेचाच नेहमीचा भाग आहे; त्यावरून कुणावर अपस्माराचा शिक्का मारणं चुकीचं. अपस्मारात झटके बहुधा जास्त वेळ आणि लयीत येतात, जिभेची कड चावली जाते, शुद्धीवर आल्यावर पुष्कळ वेळ भ्रमिष्टासारखं असतं. आणि बसतं केल्यावर मुलगी पुन्हा झटकू लागली, ते का? मेंदूकडे येऊ लागलेलं रक्त उभं केल्याने पुन्हा खाली गेलं. तिला मैदानावर तशीच आडवी राहू दिली असती तर एवढं काही झालंच नसतं.

त्याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट. बेशुद्ध झालेल्यांपैकी ६० टक्के लोकांनी त्या सेकंदांत काहीतरी पाहिल्याचं किंवा ऐकल्याचं सांगितलं: रंग, उजेड, ओळखीची माणसं, न समजणारे आवाज. अनेकांना ती अवस्था शांत, अगदी सुखाची वाटली. फ्रेंच निबंधकार मोंतेन्य घोड्यावरून पडून बेशुद्ध झाला होता. नंतर त्याने त्या परतीच्या वाटेवरच्या गोड शिथिलतेबद्दल सविस्तर लिहून ठेवलं. नेहरू नगरातल्या एका आजींनीही असंच सांगितलं. मुलाच्या अपघाताची फोनवरून बातमी ऐकताच त्या पडल्या होत्या. "खूप बरं वाटलं होतं रे. कुणीतरी पांघरूण घातल्यावाणी. डोळे उघडले तेव्हा आधी राग आला, मला उठवलं कशाला म्हणून. मग आठवलं काय झालं ते." हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. ऐकणाऱ्यांना मात्र पुढचा प्रश्न विचारता आला नाही.

नवरात्रात जी. ई. रोडवरून डोंगरगडच्या बम्लेश्वरीला पायी जाणाऱ्यांचे जथे रात्रंदिवस चालतात. भिलाईहून सत्तरेक किलोमीटर. वाटेत सेवेचे मंडप, चहा, फळं, पाय दाबायला माणसं. वर डोंगरावर हजाराहून जास्त पायऱ्या. अनेकांना उपास. या वाटेवर सेवा करणाऱ्या तरुणांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक झाली आहे: लोक चालताना फारसे पडत नाहीत, थांबल्यावर पडतात. मंडपात शिरल्यावर, वर पोहोचून दर्शनाच्या रांगेत उभं राहिल्यावर. काकांचं गेटापाशी पडणंही याच जातीचं. चालताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात, त्वचेच्या आणि स्नायूंच्या नसा श्रमाने आणि उष्णतेने पसरलेल्या असतात. पाय थांबले की रक्त खालीच राहतं. म्हणून धावून किंवा चढून आलेल्या माणसाने एकदम स्थिर उभं राहू नये. चार पावलं फिरावं, नाहीतर सरळ बसावं.

स्थिर उभं राहण्याचा प्रश्न सभा-समारंभांत सर्वांत जास्त येतो. ७ डिसेंबर २०१८ रोजी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात राष्ट्रगीताच्या वेळी केंद्रीय मंत्री नितीन गडकरींना भोवळ आली आणि शेजारी उभ्या असलेल्या राज्यपाल विद्यासागर राव यांनी त्यांना आधार दिला. अंगावर दीक्षान्ताचा जाड झगा, बंदिस्त मंडप. साखर कमी झाल्याचं त्यांनी नंतर स्वतःच कळवलं. १ ऑगस्ट २०१९ ला सोलापूरच्या विद्यापीठात पुन्हा राष्ट्रगीत चालू असताना त्यांना गरगरलं आणि ते खाली बसले. २४ एप्रिल २०२४ ला पुसदच्या प्रचारसभेत, विदर्भाच्या ऐन उन्हात बोलता बोलता ते कोसळले आणि काही वेळाने परत येऊन त्यांनी भाषण पुरं केलं. त्यांच्या प्रकृतीचं निदान दुरून करण्याचा मला अधिकार नाही. पण सोलापुरातलं त्यांचं खाली बसणं मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं. राष्ट्रगीत चालू असताना, हजारो डोळ्यांसमोर खाली बसायला निश्चय लागतो. चाहूल लागूनही केवळ संकोचाने उभे राहिलेले आणि मग दगडावर, पायरीवर डोकं फोडून घेतलेले कितीतरी लोक असतात. मूर्च्छा स्वतः क्वचितच इजा करते, इजा पडण्याने होते.

उन्हाच्या बाबतीत मात्र एक सीमारेषा नीट ओळखायला हवी. उन्हात उभं राहून आलेली चक्कर आडवं झाल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत उतरते. उष्माघात उतरत नाही. त्यात शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे जातं, माणूस असंबद्ध बोलतो, ओळखत नाही, आडवा केला तरी सावरत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेल्या श्रीसदस्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. उघड्या मैदानात तासन्‌तास बसलेली माणसं होती ती. 'चक्कर आली, सावलीत बसवा, पाणी पाजा' एवढ्यावर उष्माघात थांबत नाही. अंगावर पाणी ओतून, वारा घालून, जमेल तितक्या लवकर शरीर थंड करावं लागतं आणि दवाखाना गाठावा लागतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी तर कधीच घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. छत्तीसगडात उन्हाळ्यात सकाळी बासी खातात, रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, त्याच पाण्यासकट, मीठ आणि कांद्याबरोबर. पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जाऊन माणूस शेतात निघतो. नवतप्याच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत नेहरू नगरातली मराठी घरंही हा धडा घेऊ लागली आहेत, हे चांगलं आहे.

भिलाईत राहून एका बेशुद्धीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १२ जून २०१४ रोजी कारखान्यात झोतभट्टीचा वायू गळला आणि सहा जणांचा जीव गेला. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. त्या वायूत मोठ्या प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. गुदमरल्याची जाणीव होत नाही, कारण श्वास आत-बाहेर नीट चालू असतो. डोकं जड होतं, पाय उचलेनासे होतात, आणि पळायला हवं हे कळेपर्यंत पळायची ताकद गेलेली असते. वर सांगितलेल्या कुठल्याच चाहुलीवर इथे विसंबता येत नाही. वाचवायला आत धावलेला माणूसही तिथेच पडतो. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणाऱ्यांच्या घरांत हाच वायू असतो. एका घरात एकाच वेळी दोघा-तिघांना डोकेदुखी आणि गरगर होऊ लागली तर दारं-खिडक्या सताड उघडून आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं.

म्हातारपणातलं पडणं वेगळं आणि जास्त फसवं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा मला शपथेवर सांगत होते की ते कधी बेशुद्ध झालेच नाहीत, 'पाय घसरला'. आजींनी स्वयंपाकघरातून मान हलवली. रात्री दोनच्या सुमारास लघवीला उठले होते, संडासात धप्प आवाज आला, त्या धावत गेल्या तर आजोबा डोळे उघडे ठेवून पडलेले, हाक मारली तर उत्तर नाही. पाच-दहा सेकंदांनी म्हणाले, "घसरलो." अनेक वृद्धांना बेशुद्धीचा क्षण आठवतच नाही, म्हणून ते घसरण्याचं कारण प्रामाणिकपणे सांगतात आणि घरचे फरशी बदलतात. आजोबा रक्तदाबाची गोळी घेतात, प्रोस्टेटसाठीही एक घेतात. ही दुसरी गोळीही नसा सैल करते. अंथरुणातून झटकन उठलं, उभ्याने लघवी केली, मूत्राशय रिकामं होताना रक्तदाब आणखी उतरला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने उतरला तर तो दोष मानला जातो आणि तो शोधायला घरचं रक्तदाबाचं यंत्रही पुरतं: आधी आडवं असताना मोजायचं, मग उभं राहून. गोळी मनाने बंद मात्र करायची नाही, आकडे लिहून डॉक्टरांना दाखवायचे. रात्री बसून लघवी करावी, उठण्याआधी मिनिटभर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसावं. या दोन सवयींनी खुब्याची हाडं वाचतात.

आणि ज्या हकिगतीत सांगण्यासारखं काहीच नसतं, ती सर्वांत गंभीर. नेहरू नगरात पेसमेकर बसवलेले एक गृहस्थ म्हणाले, "काही नाही झालं. खुर्चीत बसून पेपर वाचत होतो. पुढच्या क्षणी जमिनीवर होतो. मधलं वाक्य गायब." जांभई नाही, घाम नाही, अंधारी नाही. हृदयाच्या विजेचा मार्ग तुटला की असं होतं. स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना दिवसाला वीस-तीस वेळा असे झटके येत. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी शल्यविशारद ओके सेनिंग यांनी अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर त्यांच्या शरीरात बसवला. पूर्णपणे शरीरात बसवलेला तो जगातला पहिला पेसमेकर, आणि तो काही तासांतच बंद पडला. पुढे लार्सन यांनी दोन डझनांहून जास्त पेसमेकर वापरले आणि २००१ साली, ८६ व्या वर्षी ते वारले, तेही हृदयविकाराने नव्हे. बसल्या किंवा झोपल्या जागी, धावताना ऐन श्रमात, छातीत धडधडून किंवा काहीही चाहूल न लागता कुणी पडलं, किंवा घराण्यात तरुणपणी अचानक कुणी गेलेलं असेल, तर 'उद्या बघू' म्हणू नये. त्याच दिवशी ईसीजी काढावा. तरुण स्त्रीला पोटात दुखून चक्कर आली तर तेही तातडीचंच; गर्भ नळीत राहून ती फुटलेली असू शकते. आपल्या सिनेमांनी बाईच्या चक्करीला गोड बातमी करून टाकलं आहे. तेवढ्यावर विसंबून राहिलं तर जीव जाऊ शकतो.

शेवटी त्या बायका, ज्या पडत नाहीत. कुणाच्या नजरेत न येणारी ही सर्वांत मोठी संख्या असावी. ओट्याला दोन्ही हातांनी धरून अर्धा मिनिट उभ्या राहतात, डोळ्यांपुढचं काळं विरेपर्यंत, आणि पोळी उलटतात. एक शिक्षिका म्हणाल्या, "मी कुठेही गेले तरी आधी दार कुठे आहे आणि टेकायला भिंत कुठे आहे ते बघते. लग्नात, बँकेत, देवळात. पडले कधीच नाही. पण गेली सहा-सात वर्षं मी पडण्याचाच विचार करत जगते आहे." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत छत्तीसगडच्या १५ ते ४९ वयोगटातल्या ६०.८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यातच या पट्ट्यात, विदर्भातही, सिकलसेल आहे. या शिक्षिकेचं हिमोग्लोबिन कधीच तपासलेलं नव्हतं. 'बाईचं चालायचंच' हे वाक्य त्यांना आईने, सासूने आणि स्वतःच्या मनाने सांगितलं होतं.

अशा अर्धवट चक्करीवर एक साधी युक्ती आहे आणि ती तपासून पाहिलेली आहे. चाहूल लागताच पायांची कात्री करून मांड्या, नितंब, पोट घट्ट आवळायचं. किंवा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायची. जमलं तर सरळ उकिडवं बसायचं. वारंवार मूर्च्छा येणाऱ्या २२३ रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी ५१ टक्क्यांना पुढे पुन्हा मूर्च्छा आली. या युक्त्या शिकवलेल्यांत ३२ टक्क्यांना. औषध नाही, खर्च नाही. शाळांच्या कवायतीच्या तासाला ही गोष्ट शिकवायला काय हरकत आहे?

वाचकांना माझी विनंती एवढीच. तुमच्यासमोर कुणी पडलं तर त्याला उचलून बसवू नका, उभं तर मुळीच करू नका. आडवं राहू द्या, पाय फूटभर वर उचलून धरा, गळ्याची गुंडी सोडा, गर्दी हटवा, घड्याळात वेळ बघा. मिनिटाभरात माणूस सावरला नाही तर १०८ ला फोन लावा; श्वास चालत नसेल तर एक क्षण न दवडता छाती दाबायला सुरुवात करा. सावरला तर साखर-पाण्याच्या आधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, पडण्याआधी काय करत होतास, काय दिसलं, काय ऐकू आलं, घाम आला का. जे सांगेल ते, आणि तुम्ही स्वतः पाहिलं ते, त्याच दिवशी कागदावर लिहून काढा आणि तो कागद डॉक्टरांकडे घेऊन जा.